शेवटची पंगत

आमच्या घरी पाडव्याच्या दिवशी तीन पंगती बसतात. पहिली मुलांची, दुसरी पाहुण्यांची आणि आम्हा पुरुषांची, तिसरी बायकांची. पाट-चौरंग केव्हाच माळ्यावर गेले, त्यांच्या जागी टेबल-खुर्च्या आल्या; क्रम मात्र बदलला नाही. पहिल्या पंगतीच्या पुऱ्या टम्म फुगलेल्या असतात, तिसऱ्या पंगतीला त्या निवून चामट झालेल्या असतात. अळूचे फदफदे पातेल्याच्या कडेला लागलेले असते. कोशिंबीर संपलेली असते. बायका हसत-बोलत जेवतात, कोणाची काही तक्रार नसते. मुलांच्या पंगतीतून पुरुषांच्या पंगतीत मी कधी जाऊन बसलो ते मला आठवत नाही; तिसऱ्या पंगतीकडे वळून पाहिले ते मात्र फार उशिरा.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. लढाया, तह आणि सनावळ्या. कोणी काय खाल्ले, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात येतो तो दुष्काळाच्या प्रकरणात. आणि तिथेही घरातली शेवटची मूठ कोणाच्या पानात पडली हे कोणी लिहून ठेवलेले नसते. पण आपल्या मुंबईत, परळला, एकदा ते लिहून ठेवले गेले. त्यातून वैद्यकाच्या इतिहासातला एक मोठा शोध लागला. ती हकीकत सांगण्यासाठी आज लेखणी उचलली आहे, पण तिच्याकडे मी आलो तो आमच्या घरातल्याच एका गोष्टीवरून. ती आधी सांगतो.

आमचे आजोबा मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. लालबागच्या एका चाळीत एका खोलीत दोघे भाऊ, दोघी जावा, त्यांची मुले आणि गावाहून आलेला कोणी ना कोणी पाहुणा, असा संसार होता. धाकटी जाऊ गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला जाई. तिला मी पाहिले नाही. घरात तिचा उल्लेख 'धाकटी आजी' असा होई, आणि मला लहानपणी मोठे नवल वाटे, कारण ही आजी अवघी बावीस-तेवीस वर्षांची असताना गेली होती. गिरण्यांचा सहा महिन्यांचा मोठा संप मिटला, त्याच्या पुढच्या वर्षी ती दुसऱ्यांदा पोटुशी राहिली. पाचव्या महिन्यापासून ती पांढरी पडू लागली. जीभ सोलवटली, तिखट लागेना. जिना चढताना मधेच बसावे लागे. पायांवर सूज आली आणि अन्नावरची वासना उडाली. "डोहाळे म्हणायचे आम्ही," आजी सांगे, "एकेकीचे असतात तसे." आठव्या महिन्यात ती गेली, मूलही राहिले नाही.

मी कॉलेजात असताना आजीला एकदा विचारले होते, "ती खायची काय?" आजीला हा प्रश्नच विचित्र वाटला. क्षणभर तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "काय म्हणजे? उरेल ते."

पुढे पुष्कळ वर्षांनी, १९२८ च्या त्याच संपाविषयी काही टिपणे काढत असताना, मला एक नाव सापडले: लूसी विल्स. ही इंग्रज डॉक्टर बाई १९२८ साली मुंबईत आली होती, आणि आली होती ती गरोदर बायका पांढऱ्या पडून का मरतात याचा शोध घेण्यासाठी. तिची प्रयोगशाळा परळला हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये होती. आमच्या चाळीपासून तिथे चालत जायला अर्धा तासही लागला नसता.

विल्सबाईंचा जन्म १८८८ सालचा, बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डचा. केंब्रिजला न्यूनम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र घेतले आणि १९११ साली परीक्षा दिली. परीक्षा दिली असे म्हणतो ते मुद्दाम, कारण केंब्रिज तेव्हा बायकांना परीक्षेला बसू देई, पदवी देत नसे. पदवी द्यायला १९४८ साल उजाडावे लागले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या, तिथे त्यांनी शुश्रूषेचे काम केले, आणि मग परत येऊन लंडनच्या बायकांसाठी असलेल्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. १९२० साली, बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना मात्र कधी थाटला नाही. रॉयल फ्री हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम धरले. बाईंनी लग्न केले नाही, डोंगर चढण्याची हौस होती, आणि कामावर मोटारीने जाण्यापेक्षा त्यांना सायकल आवडे.

त्यांना हिंदुस्थानात बोलावले ते मार्गारेट बाल्फोर या दुसऱ्या डॉक्टर बाईंनी. बाळंतपणात बायका इतक्या का दगावतात याची चौकशी तेव्हा सुरू झाली होती, आणि त्या चौकशीतला एक भाग म्हणजे गरोदरपणातला हा विलक्षण पंडुरोग. हाफकिन इन्स्टिट्यूट ज्या इमारतीत आहे ती परळची जुनी गव्हर्नरांची हवेली. प्लेगच्या दिवसांत, १८९९ साली, हाफकिनसाहेबांची प्रयोगशाळा तिथे आली. ज्या दालनांतून एके काळी लाटसाहेबांच्या मेजवान्या झडत होत्या त्याच वास्तूत एक बाई बसून गिरणगावातल्या बायकांच्या पानात काय पडते याचा हिशेब मांडू लागली, हा योगायोग मला फार आवडतो. ते दिवसही तसेच होते. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा गिरण्यांचा संप झालेला. मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बाळंतिणीला पगारी रजा द्यावी की नाही यावर त्याच वर्षी वाद रंगला आणि डॉ. आंबेडकर त्या बिलाच्या बाजूने बोलले. १९२९ साली तो कायदा झाला. बाईच्या गरोदरपणाशी समाजाचा काही संबंध आहे, हे सरकारी कागदावर येण्याचे ते साल.

आता रोगाविषयी थोडे सांगितले पाहिजे. साध्या पंडुरोगात रक्तातल्या तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात, कारण लोह कमी पडते. या रोगात उलटेच होई. पेशी संख्येने फार कमी, पण एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी, बेढब फुगलेली. असे रक्त डॉक्टरांच्या ओळखीचे होते. विलायतेत 'पर्निशस अ‍ॅनिमिया' नावाचा एक जीवघेणा पंडुरोग होता, आणि १९२६ साली अमेरिकेत मायनट आणि मर्फी या दोघांनी रोग्यांना रोज पोटभर काळीज, म्हणजे जनावराचे यकृत, खायला घालून तो बरा करून दाखवला होता. त्याबद्दल पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सूक्ष्मदर्शकाखाली मुंबईच्या बाईचे रक्त आणि बोस्टनच्या म्हाताऱ्याचे रक्त सारखेच दिसे. पण विलायती रोगात जठरातले आम्ल नाहीसे झालेले असते. या बायकांच्या जठरात ते सहसा शाबूत असे. यकृताचा जो शुद्ध केलेला अर्क विलायती रोग्यांना गुण देई तो या बायकांना लागू पडत नसे. यकृताचा अशुद्ध, गाळ न काढलेला अर्क दिला तर मात्र त्या उठून बसत. म्हणजे शुद्ध करण्याच्या खटाटोपात जे फेकून दिले जात होते त्यातच या बायकांचे औषध होते! रक्ताचे चित्र सारखे, पण रोग दोन, आणि औषधेही दोन. आज हे वाचायला सोपे वाटते. त्या काळी जगातले मोठमोठे वैद्य एकाच औषधामागे लागलेले असताना, "हे ते नव्हे" असे म्हणायला धीर लागतो.

विल्सबाईंनी प्रयोगशाळेबरोबर आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते तीच मोठी. त्यांनी बायकांचा आहार तपासला. मुंबईतल्या बायकांच्या खाण्याची आणि राहणीची जी पाहणी त्यांनी १९३० साली प्रसिद्ध केली तिच्यावर त्यांच्या नावाशेजारी तळपदे हे नाव छापलेले आहे; रोगाच्या पहिल्या अहवालावर मेहता हे नाव आहे. ही आपली माणसे बरोबर नसती तर मुंबईच्या घरांतले काय कळणार होते? "काल काय खाल्लेस?" हा प्रश्न परक्या बाईने विचारला तर त्याला आपल्याकडे एकच उत्तर मिळते: "सगळे खाल्ले." खरे उत्तर काढायला ज्या घरात चूल कोणाची, दूध कोणाच्या वाट्याचे आणि सण कोणते हे ठाऊक आहे असे माणूस लागते. त्या पाहणीत दिसले ते असे: निरनिराळ्या समाजांतल्या बायकांचे जेवण वेगळे, आणि ज्यांचे जेवण निकस त्यांना हा रोग अधिक. सर्वांत निकस जेवण गरीब मुसलमान बायकांचे होते, आणि रोगाचा सर्वांत मोठा भारही त्यांच्यावरच होता. रोग धर्म पाहत नव्हता, जात पाहत नव्हता. ताट पाहत होता.

मग त्याच ताटाची नक्कल करून उंदरांना घालण्यात आली. पोटुशा उंदरिणी पांढऱ्या पडल्या. त्यांच्या अन्नात यीस्ट, म्हणजे आंबवण्याचे किण्व, मिसळले की त्या पांढऱ्या पडत नसत. शोध लागला असे वाटते आहे तोच लक्षात आले की पिंजऱ्यांतून उवा झाल्या आहेत, आणि उंदरांचा पंडुरोग थोडाफार त्या उवांमुळेही असू शकेल. शास्त्राच्या इतिहासात उवा सहसा येत नाहीत. पण मी मुलांना सांगत असे की इतिहास असाच घडतो, चांगला पुरावा हाती यावा आणि त्यात उवा निघाव्यात. बाईंनी ते मान्य केले आणि पुढचे प्रयोग माकडांवर केले. मधे काही महिने त्या कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होत्या, १९३१ साली मद्रासच्या कास्ट अँड गोशा हॉस्पिटलात होत्या. उन्हाळ्यात लंडन, थंडीत हिंदुस्थान, अशा खेपा चालल्या होत्या.

यीस्टवरून बाई मार्माइटवर आल्या. हा पदार्थ आपल्याकडच्या वाचकांना फारसा परिचयाचा नसेल. बिअर गाळून झाली की भट्टीत जो किण्वाचा गाळ उरतो त्यापासून केलेला हा काळा, चिकट, खारट लेह. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात आणि त्यांच्यातही त्याच्यावरून दोन तट आहेत. १९०२ सालापासून तो बर्टन-ऑन-ट्रेंट या गावी तयार होत आला आहे. यकृताच्या अर्काला पैसे पडत. हा स्वस्त होता. शिवाय त्यात मांस नव्हते, त्यामुळे न खाणाऱ्यालाही चालण्यासारखा. दारूच्या भट्टीतून आला आहे एवढे सासूबाईंच्या कानावर गेले नाही म्हणजे झाले. बाईंनी तो रोगी बायकांना दिला आणि चमत्कार म्हणावा तसे झाले. चार-सहा दिवसांत त्या बायकांना भूक लागू लागली. रक्तात नव्या, कोवळ्या पेशी दिसू लागल्या. ज्या बाईचे रक्त पाण्यासारखे झाले होते ती काही आठवड्यांत चालू-फिरू लागली. २० जून १९३१ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली. किण्वात आणि अशुद्ध यकृतात असे काही आहे, जे या बायकांच्या जेवणात नाही. त्याला नाव नव्हते, म्हणून लोक 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले.

ही तारीख मी पहिल्यांदा वाचली तेव्हा लेखणी खाली ठेवली. धाकटी आजी गेली १९२९ साली. तिचा रोग तोच होता असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तिचे रक्त कोणी तपासले नव्हते. पण सोलवटलेली जीभ, उडालेली वासना, पांढरी फटक नखे, ही त्याच रोगाची लक्षणे आहेत. अर्ध्या तासाच्या अंतरावर तिच्यासारख्याच बायकांसाठी एक बाई सूक्ष्मदर्शकावर डोळे शिणवत होती, आणि आमच्या घरात डोहाळे म्हणत होते.

पुढचा इतिहास भरभर सांगतो. १९४१ साली अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठात मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालक घेऊन त्यातून चिमूटभर द्रव्य वेगळे काढले. पालकाच्या पानातून निघाले म्हणून पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड म्हटले. ते विल्सबाईंचेच द्रव्य असल्याचे पुढे सिद्ध झाले. १९४५ साली लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमवरमचे. त्यांचे भाऊ लहान वयात संग्रहणीने गेले होते, आणि त्या संग्रहणीवर जी औषधे पुढे गुणकारी ठरली त्यांत फॉलिक अ‍ॅसिड हे एक. मुंबईतल्या बायकांपासून निघालेला धागा अमेरिकेत एका तेलुगू माणसाच्या हाती यावा! १९९१ साली आणखी एक मोठी गोष्ट कळली. ज्या आईचे एक मूल पाठीच्या कण्याच्या जन्मजात व्यंगाने गेले आहे, तिने पुढच्या खेपेला गर्भ राहण्याच्या आधीपासून हे द्रव्य घेतले तर ते व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. तो पुरावा सात देशांतल्या ३३ केंद्रांतून आला होता. विल्सबाई तेव्हा हयात नव्हत्या. १९४७ साली त्या निवृत्त झाल्या, शेवटी शेवटी चेल्सीच्या नगरसभेत निवडून गेल्या आणि १९६४ साली वारल्या.

हे द्रव्य शरीरात करते काय? नवी पेशी घडताना तिच्या आत वंशाची जी पोथी उतरून काढावी लागते तिची शाई या द्रव्यावाचून तयार होत नाही. पोटात मूल वाढत असताना पेशी अहोरात्र घडत असतात, म्हणून गरोदर बाईचा साठा सर्वांच्या आधी संपतो. शाई नाही, पोथी अर्धवट, पेशी फुगून बसते. दुसरे काम सफाईचे. अन्न पचताना होमोसिस्टीन नावाचे एक द्रव्य उरते. ते ठिकाणी लावायला फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वे लागतात. ती कमी पडली की ते रक्तात साचते आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करते. या इजेला आजचे डॉक्टर 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस'शी जोडतात. शब्द भारी आहे, पण गोष्ट प्रत्येक स्वयंपाकघरात घडते. उघडे ठेवलेले तेल खवट होते, चिरलेले वांगे काळे पडते, ओला तवा गंजतो; हे सारे प्राणवायूचेच काम. ज्या प्राणवायूवर आपण जगतो तोच शरीरातल्या स्निग्ध पदार्थांनाही खवट करीत असतो, आणि शरीर त्याला आवर घालीत असते. गरोदरपणात शरीर दोन जिवांचा प्राणवायू जाळते, तेव्हा हा आवर अधिक लागतो.

परळच्या उंदरांवरून इथे कॅलिफोर्नियाच्या उंदरांची आठवण होते. बर्कलीला हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांनी १९२२ साली उंदरिणींना डुकराची चरबी, पिठूळ सत्त्व आणि तेव्हा माहीत होती ती सारी जीवनसत्त्वे घालून पाहिली. त्या धष्टपुष्ट झाल्या, गर्भही राहिला, पण तो पोटातल्या पोटात जिरून जाई. मग त्यांना लेट्यूसची हिरवी पाने घातली, आणि पिल्ले सुखरूप जन्मली. गव्हाच्या अंकुरातही तेच द्रव्य निघाले. त्याला ई जीवनसत्त्व म्हणतात, आणि त्याचे शास्त्रीय नाव 'टोकोफेरॉल' हे ग्रीक भाषेतल्या 'अपत्यजन्म' या शब्दावरून पाडले आहे. ते शरीरात करते काय, तर स्निग्ध पदार्थांना खवट होऊ देत नाही. इतके सोपे काम! पण त्यावाचून वंश थांबतो, निदान उंदरांचा तरी.

हे वाचून कोणाला वाटेल की मग या जीवनसत्त्वांच्या गोळ्याच द्याव्यात. डॉक्टरांनाही तसे वाटले होते. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा जो धोका असतो त्यावर क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा देऊन इंग्लंडात प्रयोग झाला. २००६ साली निष्कर्ष आला. रक्तदाब थांबला नाही, उलट गोळ्या घेणाऱ्या आयांची मुले कमी वजनाची अधिक निघाली. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीने कण्याचे व्यंग टळते हे खरे. ती डॉक्टर सांगतात तेव्हा घेतलीच पाहिजे. पण एका गोळीत ताट मावत नाही.

याचा सर्वांत चांगला पुरावा पुन्हा आपल्याच प्रांतातला आहे, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांची पाहणी केली. शेतात राबणाऱ्या, सडपातळ बायका. त्यांची मुले जन्मली तेव्हा सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडातली मुले ३.५ किलोची असत. पण नवल पुढेच आहे. ही इवलीशी मुले हाडापेराने बारीक, स्नायूंनी बारीक, आणि तरी त्यांच्या अंगावर चरबी मात्र बऱ्यापैकी होती. दिसायला कृश, आतून स्थूल. पुढे मधुमेह होण्याची बीजे अशा शरीरात जन्मापासून असतात, असे हे संशोधक सांगतात. आईने किती भाकरी खाल्ल्या यावर मुलाचे आकारमान फारसे ठरत नव्हते. तिने दूध, हिरवी पालेभाजी आणि फळे किती वेळा खाल्ली, यावर ते ठरत होते. निम्म्याहून अधिक आयांच्या रक्तात बी-१२ कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासळी, मटण यांतून मिळते, पाल्यातून नाही. ज्या आयांचे बी-१२ कमी आणि फॉलिक अ‍ॅसिड भरपूर, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन नीट न चालण्याची खूण अधिक दिसली. विल्सबाईंना जे दोन रोग वेगळे करावे लागले होते त्यांची दोन औषधे शरीरात एकमेकांचा हात धरून चालतात, हे इथे कळले.

आणि मग मुंबई. परळ नव्हे, पण गोष्ट तीच. २००६ साली मुंबईच्या झोपडवस्त्यांतल्या बायकांसाठी एक प्रयोग सुरू झाला. डॉ. रमेश पोतदार आणि त्यांचे सहकारी यांनी सहा हजारांहून अधिक बायकांना दोन गटांत विभागले. एका गटाला पालेभाजी, सुकी फळे आणि दूध घालून केलेला समोशासारखा खाऊ रोज द्यायचा, दुसऱ्या गटाला दिसायला तसाच पण बटाटा-कांद्यासारख्या साध्या भाज्यांचा. गर्भ राहण्याआधीपासून बाळंतपणापर्यंत. मुलांचे वजन सगळ्यांचेच वाढले असे झाले नाही. पण गरोदरपणात होणारा मधुमेह दुसऱ्या गटात १२.४ टक्के बायकांना झाला होता, पालेभाजीच्या गटात ७.३ टक्क्यांना. कोणते एक द्रव्य उपयोगी पडले ते सांगता येत नाही, आणि मला वाटते, सांगू नये हेच बरे.

या प्रयोगातली एक लहानशी तरतूद मला मोठमोठ्या आकड्यांपेक्षा बोलकी वाटते. खाऊ बायकांच्या घरी पाठवीत नसत. बाईने केंद्रावर यायचे आणि तिथेच, समोर बसून, खायचे. तिने किती खाल्ले याची नोंद व्हायची. असे का, हे कोणत्याही मराठी घरातल्या बाईला विचारावे. घरी नेलेला समोसा कोणाच्या तोंडात जातो हे तिला पाठ असते.

२०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. गरोदर बायकांत हे प्रमाण ५२ टक्क्यांच्या वर होते. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सरकार १९७० सालापासून देते आहे. या रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, लोह आहे, जंत आहेत, लागोपाठची बाळंतपणे आहेत, आणि मी डॉक्टर नाही. मला फक्त पंगतीचे कळते.

गेल्या पाडव्याला मी मनाशी ठरवले की या वेळी बायकांची पंगत पहिली बसवायची आणि वाढायला मी उभा राहायचे. घरात मोठी हशा पिकली. सून पोटुशी होती; तिला मी हाताला धरून पाटावर, म्हणजे खुर्चीवर, बसवले. वहिनी तर बसायलाच तयार होईनात, "मागचे कोण बघणार?" म्हणून. शेवटी सगळ्या बसल्या. मी पदर खोचल्यासारखा पंचा खोचला आणि मोठ्या ऐटीने मेथीची भाजी वाढायला ओट्याकडे वळलो. झाकणे उघडून पाहिली. एकात वरण, एकात बटाट्याची भाजी, एकात नुसते पाणी. बायका गप्प बसून मजा पाहत होत्या. तेव्हा सून म्हणाली, "बाबा, मेथी फोडणीवरच राहिलीय. तुम्ही बसा, मी दोन मिनिटांत परतते," आणि उठली.